1818 नंतरचा खानदेश : पराभूत मुलूख कसा ‘बसवला’ गेला

खानदेशातल्या असोदा गावात शेताचा वाद निघाला की बोलणं गुंठ्यावर येतं. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जमीन. हा 33 चा आकडा इंग्रजांच्या मोजणीच्या साखळीचा. यावरून अनेकांना वाटतं, 1818 साली पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि लगेच मोजणी करून त्यांनी सगळी घडी बदलली. तसं झालं नाही.

जानेवारी 1818 मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख सोडला. पेशवा बाजीराव जूनमध्ये शरण आला. पण शाळेत शिकवतात तशी लढाई तिथे संपली नाही. तह कागदावर होता, किल्ले मात्र शिबंदीच्या ताब्यात होते. फेब्रुवारीत थाळनेरला तापीकाठच्या किल्ल्याच्या दारातच दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर बहुतेक शिबंदी कापली गेली आणि किल्लेदार तुळशीराम मामांना जनरल हिस्लॉपने फासावर चढवलं. शरण आलेल्या किल्लेदाराची ही गत बघून पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटातही प्रश्न उठले. मालेगावच्या अरब शिपायांनी जूनपर्यंत किल्ला लढवला, आणि अशीरगड पडायला एप्रिल 1819 उजाडला.

‘सुजलाम सुफलाम खानदेश इंग्रजांनी उजाड केला,’ असंही ऐकू येतं. खरं तर 1802 च्या होळकरी धामधुमीने आणि पाठोपाठच्या 1803-04 च्या दुष्काळाने गावंच्या गावं आधीच ओस पडली होती. मग इंग्रजांनी मुलूख सावरला असं म्हणायचं का? तेही अर्धंच खरं. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं, आखीव पेठ वसवली. दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचं धोरण जुनी घडी शक्यतो न मोडण्याचं होतं, म्हणून पाटील-कुळकर्णी, वतनं, पंचायती राहिल्या. पण सारा रोकडीत भरायचा होता, आणि 1820 नंतर धान्याचे भाव कोसळले. शांतता आली, तिची किंमत रयतेने मोजली.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज भिल्लांबद्दलचा आहे : इंग्रजांनी त्यांना तलवारीने नमवलं. सातपुड्यात आणि सातमाळ्यात सात वर्षं फौजा फिरल्या. भिल्लांचे नाईक पकडले, फासावर दिले, तरी डोंगर शांत झाला नाही. तेव्हा 1825 मध्ये सरकारनेच पवित्रा बदलला. माफी, पडीक जमीन, बैल-बियाण्याला तगाई असं सुरू झालं आणि जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. तिचं ठाणं धरणगावला होतं, असोद्याहून सकाळी निघालेली बैलगाडी संध्याकाळी पोचेल इतकं जवळ. ही दया नव्हती, हरलेल्या मोहिमेतून आलेली तडजोड होती. माझ्या मते खानदेशच्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते.

आणि मोजणी? ती आली 1852 साली, तब्बल 34 वर्षांनी. सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकरी हजारोंनी जमले. साखळी पडली की सारा चढणार, ही त्यांची धास्ती होती. सरकारला पलटण बोलवावी लागली, पुढाऱ्यांची धरपकड झाली.

सहा वर्षांनी, 11 एप्रिल 1858 ला, सातपुड्यातल्या आंबापाणीच्या डोंगरात भिल्ल पुन्हा इंग्रजांशी लढले. त्यांचा पुढारी खाज्या नाईक एके काळी इंग्रजांच्याच नोकरीत सेंधव्याचा घाट राखायचा.