गोठ्याचा हिशोब

इंदूरच्या जुन्या मराठी घरांची ओळख सांगताना आपण वाडा सांगतो, दरबारातील हुद्दा सांगतो, गाण्याच्या बैठका सांगतो. गोठा मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक होळकरशाहीत ज्यांना थोडीफार जमीन लाभली, त्यांचे दूधदुभते, धान्य आणि पुष्कळसे स्वास्थ्य गोठ्यावरच उभे होते. आमचे घर त्यांपैकीच एक. राहणे शहरात आणि शेत चार कोसांवरच्या गावी, हा तीन पिढ्यांचा शिरस्ता. यंदा आमच्या घरी एक प्रश्न निघाला आहे. शेत ठेवायचे, यावर एकमत आहे. पण जनावरे ठेवायची की नाही? पुतण्याने वहीत हिशोब मांडला असून तो चोख आहे. चारा, पेंड, गड्याचा पगार एका बाजूला आणि दूध दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू फारच हलकी पडते.

आमच्या दावणीला पूर्वीपासून माळवी जनावरे. पांढुरका-करडा रंग, बैलाच्या मानेवर व वशिंडावर गडद झाक, बाहेर निघून वर आणि पुढे वळलेली शिंगे. ही जात मुळात कामाची, दुधाची नव्हे. माळव्याची काळी जमीन पावसात गाडीची चाके गिळते. त्या चिखलातून ओढत नेण्याचे बळ या बैलांच्या खांद्यात. गाय दूध देई ते घरापुरते. वासराला त्याचा वाटा आधी, मग चरवी. आजोबांचा नियम असा की, गोठ्यात वैरण पडल्याशिवाय घरात चहा उकळायचा नाही. आजी वसुबारस करी आणि शेजारच्या माळवी बायकांबरोबर श्रावणाच्या उत्तरार्धातली बछबारसही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पोळा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होई, तेव्हा हळद आणि लोणी आजोबा स्वतःच्या हातांनी चोळत. ते काम गड्यावर कधी सोडले नाही.

सणाचे कौतुक सर्वांना असते, पण जनावर जगते ते रोजच्या निगराणीवर. पावसाळ्यात खुरांच्या बेचक्यात चिखल राहू द्यायचा नाही. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायचा. कानांच्या मागे आणि कासेजवळ बोटे फिरवून गोचीड काढायची. शेण पातळ की घट्ट, रवंथ चालू की बंद, नाकपुडी ओली की कोरडी, हे पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही. आमच्याकडचा हाली, म्हणजे सालदार, निरक्षर होता; पण बैलाने सकाळी कान पाडले तर दुपारपर्यंत त्याला जू लावायचे नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती आपल्या गावाची असूनही आपल्याच घरांतून क्वचित ऐकू येते. १९२४ साली इंदुरात वनस्पती-संशोधनाची एक संस्था निघाली. होळकर दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली. तिचे प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. १९३१ पर्यंत ते येथे होते. कापसावर काम करण्यास आलेल्या या गृहस्थाने गोठ्याकडे आणि उकिरड्याकडे डोळे लावले. शेतकरी शेणाच्या गोवऱ्या थापून जाळतो, गोमूत्र जमिनीत मुरून जाते आणि कापसाची पऱ्हाटी, तुरीची तुराटी बांधावर पडून राहते. हे सारे एकत्र आणले तर जमिनीची भूक भागेल, असा त्यांचा विचार. त्यांनी पऱ्हाटी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडली आणि बैलांखाली अंथरली. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवली. मूत्र मुरलेली ती माती ठराविक काळाने खणून काढायची व नवी भरायची. मग उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, ही माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि अधूनमधून उलथायचे. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंध नसलेले खत तयार.

या पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९३१ साली तिच्यावर निघालेल्या इंग्रजी पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड हे नाव आहे. संस्थेत रसायनाचे काम ते पाहत. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा त्यांनीही हे खत पाहिले. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. सेंद्रिय शेतीचा जप करणारे परदेशी लोक आपल्या शहराचे नाव घेतात आणि आपल्या मुलांना ते ठाऊक नसते.

हॉवर्ड यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे. इंदुरास येण्यापूर्वी बिहारात पुसा येथे असताना त्यांचे बैल कुंपणापलीकडच्या लाळ-खुरकत झालेल्या जनावरांशी नाक घासत, तरी आजारी पडत नसत. चांगल्या जमिनीतला चारा हेच त्याचे कारण, असे ते मानीत. चाऱ्याचे महत्त्व मला मान्य आहे. पण एवढ्यावर विसंबून लस टाळणे शहाणपणाचे नव्हे. बुळकांडीने एके काळी गावेच्या गावे ओस पाडली. तो रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, ते लसीमुळे. २०२२ साली लम्पी रोग पश्चिम भारतात पसरला तेव्हा आमच्या गोठ्यात लस आणि बंदिस्ती या दोन्हींनीच धीर दिला.

मग गोठे मोडले कशाने? माळव्यात १९७० नंतर सोयाबीन पसरले. पैसा आला, हे नाकारता येत नाही. पण ज्वारी मागे हटली आणि तिच्याबरोबर कडबा गेला. सोयाबीनचा भुसा जनावर नाइलाजाने खाते. गव्हात कापणी-यंत्र आले, त्याने मागे ठेवलेली धसकटे शेतातच पेटवली जाऊ लागली. ट्रॅक्टर आला आणि बैल बिनकामाचा ठरला. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ५१ लाख गायी आणि अवघे ४ कोटी ७४ लाख बैल-गोऱ्हे मोजले गेले. सात वर्षांत नरांची संख्या तीस टक्क्यांनी घटली. गोऱ्हा जन्मला की घरात आनंद होई, तो आता काळजीचा विषय झाला. रस्त्यावर मोकाट बसलेली जनावरे पाहून आपण नाक मुरडतो. ती कोणाच्या तरी दावणीचीच आहेत.

पुतण्याची वही मी तीनदा वाचली. तिच्यात सर्व काही आहे; फक्त शेणखताच्या रकान्यात शून्य आहे. खताची पोती विकत आणली तर त्यांची पावती मिळते. गोठ्यातून खत निघते त्याची पावती नसते, म्हणून ते फुकट ठरते. मी त्याला एवढेच म्हटले, “बाबा, हिशोब तुझाच राहू दे, हा एक रकाना आपण दोघे मिळून भरू.” तो हट्टी आहे, पण न्यायी आहे. असे ठरले की, दोन गायी आणि एक बैलजोडी ठेवायची, दोन बिघे ज्वारी पेरायची, धसकटे जाळायची नाहीत, आणि इंदूर पद्धतीचे खड्डे काढून एका तुकड्याला तेच खत, दुसऱ्याला पोत्यातले. दोन वर्षे दोन्ही तुकड्यांचे उत्पन्न व खर्च वेगवेगळा लिहायचा. निकाल वहीच्या बाजूने लागला, तर मी वाद घालणार नाही.

खड्डे खणून झाले आहेत. पहिल्या खड्ड्यात परवा थर दिले. काल पुतण्याने त्यात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आत ऊब धरली होती. “काका, हे तापतंय,” तो म्हणाला, आणि खिशातून वही काढून त्याने तारीख लिहून ठेवली.