चुलीची भीती सोडा, कोदोची खिचडी करा

घरची बाई आजारी पडली, माहेरी गेली किंवा रोवणीच्या चिखलात अडकली, की पुष्कळ घरांत चूल थंड राहते. कोठीत धान्य असते, डाळ असते. पण गंज विस्तवावर ठेवण्यास हात धजत नाही. मग मुले चहा-बिस्किटांवर दिवस काढतात.

पुरुषांनी हे काम कमीपणाचे मानू नये. पुनरुत्थानानंतर प्रभू येशूने तिबिर्य समुद्राच्या काठी शिष्यांसाठी कोळशाच्या विस्तवावर मासळी व भाकर तयार ठेवली होती, हे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो.

परसवाडा भागात कोदो आपल्या घरचाच आहे. चार माणसांसाठी एक वाटी कोदोचे तांदूळ व अर्धी वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजत घाला. गंजात चमचाभर तेल तापवून जिरे, ठेचलेला लसूण व एक मिरची घाला. लसूण लाल होताच हळद, निथळलेले धान्य, पाच वाट्या पाणी व मीठ घाला. उकळी आल्यावर विस्तव मंद करून झाकण ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत खिचडी शिजते. शेवटची पाच मिनिटे उरली, की मूठभर मुनग्याचा पाला टाका.

बिघडले तर घाबरू नये. पातळ झाली तर झाकण काढून आटवा. घट्ट झाली तर गरम पाणी घाला. तळाला लागली तर न खरवडता वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढा. मीठ आरंभी कमीच घालावे. मागाहून वाढवता येते. हीच खिचडी अधिक पाण्यात मऊ शिजवली, की आजाऱ्याला पेज होते. शुक्रवारच्या उपवासालाही ती चालते.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. कापणीच्या वेळी पाऊस लागला किंवा ओला माल ढिगात राहिला, तर कोदोला विषारी बुरशी लागते. असा कोदो खाल्ल्याने चक्कर, ओकारी व गुंगी येते. म्हातारी माणसे ‘मातवणारा कोदो’ म्हणतात तो हाच. 2024 च्या ऑक्टोबरअखेर आपल्याच मध्य प्रदेशात, बांधवगडच्या जंगलात, दहा हत्ती दगावले. तपासणीत त्यांच्या पोटात बुरशीयुक्त कोदोतील सायक्लोपियाझोनिक आम्ल आढळले. शिजवल्याने हा दोष जाईलच असा भरवसा धरू नये.

म्हणून कापलेला कोदो कडक उन्हात वाळवूनच कोठीत भरा. कुबट वासाचा, काळपट पडलेला किंवा भिजून राहिलेला कोदो स्वतः खाऊ नका, गुरांनाही घालू नका. खाल्ल्यावर चक्कर आली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास दवाखान्यात न्या.

या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मुलामुलींना चुलीपाशी बसवा व एकदा त्यांच्याच हातून खिचडी करवून घ्या. अडचणीच्या दिवशी ते घर उपाशी राहणार नाही.