उन्हाळ्यात संध्याकाळी धावताना नेमकं काय आड येतं?

मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाबाहेरचा रस्ता संध्याकाळी साडेपाच-सहाला बघा. पोलीस भरती, आर्मी भरतीची तयारी करणारी पोरंपोरी धावताना दिसतील. पोलीस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण. इथे काही सेकंदांनी गुण बदलतात. त्यामुळे कुणाचा टाइम पंधरा-वीस सेकंदांनी घसरला की निदान लगेच होतं: "स्टॅमिना कमी झाला." मग तो दुसऱ्या दिवशी आणखी जोर लावतो, नाहीतर हिरमुसून मैदानावर यायचंच सोडतो.

आजचा लेख या निदानाबद्दल आहे. पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांनी हा धावण्याचा लेख म्हणून वाचू नका, संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो याचं उदाहरण म्हणून वाचा. "उन्हाळ्यात संध्याकाळी धावायला त्रास होतो" ही तक्रार झाली. तिचा प्रश्न करायचा असेल तर आधी "संध्याकाळ" या शब्दात काय काय कोंबलंय ते सुटं करावं लागतं.

पहिलं गृहीतक: ऊन उतरलं म्हणजे ताप उतरला

मेच्या मध्यात भंडाऱ्याला सूर्य साधारण पावणेसातला मावळतो. दिवसाचं कमाल तापमान दुपारी तीनच्या आसपास असतं आणि विदर्भात ते ४२ ते ४५ अंशांपर्यंत सहज जातं. सहा वाजता ऊन डोळ्यांना मऊ वाटतं, पण हवा अजून चाळिशीच्या जवळ असू शकते. दिवसाचा सगळ्यात थंड वेळ संध्याकाळी नसतोच, तो सूर्योदयाच्या थोडा आधी असतो.

त्यात डांबरी रस्ता. दुपारच्या उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास पोचतो. संध्याकाळी तो साठवलेली उष्णता परत सोडतो, ती पोटऱ्यांना आणि चेहऱ्याला जाणवते. मोबाइलमधलं तापमान हे सावलीतल्या हवेचं असतं, तुमच्या रस्त्याचं नसतं. म्हणजे पहिल्याच पायरीवर दोन वेगळे चल निघाले: हवेचं तापमान आणि आजूबाजूच्या पृष्ठभागांतून येणारी उष्णता.

तापमान उतरलं आणि त्रास वाढला, असं कसं?

धावताना आपण जी ऊर्जा खर्च करतो तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णता म्हणूनच बाहेर पडतो. ती काढून टाकण्याचं उन्हाळ्यातलं मुख्य साधन म्हणजे घाम. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपकन खाली पडला तर जवळपास काहीच नेत नाही.

आता दोन संध्याकाळी घेऊ. पहिली मेच्या मध्यातली: तापमान ४० अंश, आर्द्रता २० टक्के. दुसरी जूनच्या सुरुवातीची, वळवाची एक सर येऊन गेलेली: तापमान ३६ अंश, आर्द्रता ४५ टक्के. कुठली बरी? मोबाइल बघून सगळे दुसरी म्हणतील. पण दोन्हींचं आर्द्र बल्ब तापमान काढा, म्हणजे थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिल्यावर दिसणारं तापमान. पहिल्या संध्याकाळी ते सुमारे २३ अंश येतं, दुसऱ्या संध्याकाळी सुमारे २६. हवा चार अंशांनी थंड झाली, पण घाम सुकवण्याची तिची ताकद कमी झाली.

हे नवं ज्ञान नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सैनिकी प्रशिक्षण केंद्रांत उन्हाने जवान कोसळत होते. तेव्हा यागलू आणि मिनार्ड यांनी वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर हा निर्देशांक मांडला, त्यांचा लेख १९५७ चा. त्यात आर्द्र बल्ब तापमानाला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याच्या तापमानाला (म्हणजे ऊन आणि तापलेल्या पृष्ठभागांना) २० टक्के आणि आपण रोज ज्याची चर्चा करतो त्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. पुढे सराव कधी थांबवायचा हे या आकड्यावरून ठरू लागलं.

आपल्या जिल्ह्यात यात आणखी एक गंमत आहे. उन्हाळी धानाच्या पाण्याने भरलेल्या बांध्यांशेजारचा रस्ता आणि गावाबाहेरचा उघडा डांबरी रस्ता, दोन्हीकडे एकाच वेळी हवा सारखी नसते. बांधीजवळ गारवा वाटतो, पण ओलावाही जास्त असतो. ग्राउंड बदललं आणि टाइम बदलला, तर त्यात पायांचा वाटा किती आणि हवेचा किती?

चिलटांनी टाइम वाढतो का?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो. तलावाच्या पाळीवरून संध्याकाळी धावलेल्यांना एक त्रास सांगायला नको: चिलटं. डोळ्यात, नाकात, तोंड उघडलं की तोंडात. यातली बरीचशी कायरोनोमिड गटातली न चावणारी असतात. त्यांच्या अळ्या तलावाच्या गाळात वाढतात. संध्याकाळी नर एकत्र येऊन थवा करतात आणि त्यासाठी झुडूप, खांब, उभा माणूस अशी उठून दिसणारी खूण धरतात. डोक्यावर चिलटांचा खांब फिरतो तो त्यामुळेच.

समजा, एका मुलीने महिनाभर वही ठेवली. रोजचा टाइम आणि "चिलटं: कमी / जास्त". महिन्याच्या शेवटी तिला दिसलं की चिलटं जास्त असलेल्या दिवशी टाइम खराब आला. निष्कर्ष काय? चिलटांमुळे वेग कमी होतो?

थांबा. चिलटांचा थवा टिकतो तो वारा पडलेला असताना. वारा सुटला की थवा मोडतो. वारा पडलेला असतो तेव्हा घामही नीट सुकत नाही. आणि सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा स्थिर होते, तेव्हा चुलीचा, धुऱ्यावर जाळलेल्या काडीकचऱ्याचा धूर वर न जाता खालीच रेंगाळतो. म्हणजे चिलटं, न सुकणारा घाम आणि धूर या तिन्हींच्या मागे एकच गोष्ट असू शकते, पडलेला वारा. आणि तिच्या वहीत वाऱ्याचा रकानाच नाही.

संशोधनाच्या भाषेत याला कन्फाउंडिंग म्हणतात. दोन गोष्टी सोबत हलताना दिसतात, कारण दोघींना हलवणारी तिसरी गोष्ट नोंदीबाहेर असते. नेटच्या पुस्तकात ही व्याख्या एका ओळीत संपते. वहीत ती अशी दिसते.

वाऱ्याचं स्पष्टीकरणही लगेच स्वीकारू नका. १६०० मीटर सहा मिनिटांत धावणाऱ्याचा वेग ताशी १६ किलोमीटर असतो, म्हणजे त्याला स्वतःचाच वारा लागतो. बाहेरचा वारा महत्त्वाचा ठरतो तो वॉर्मअपमध्ये आणि दोन फेऱ्यांमधल्या थांब्यात. मग अपेक्षा अशी बांधता येते: कारण वारा असेल तर पहिल्या फेरीत फरक थोडा आणि चौथ्या-पाचव्या फेरीत जास्त दिसायला हवा. तसं दिसलं नाही तर वाऱ्याचं स्पष्टीकरण कच्चं. चांगल्या गृहीतकाची हीच खूण, ते कुठे चूक ठरू शकतं हे आधीच सांगता येतं.

शरीराचंही घड्याळ असतं

सकाळ आणि संध्याकाळ यांची तुलना करताना आणखी एक चल लपतो. शरीराचं आतलं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. फरक साधारण अर्धा ते एक अंश. स्नायू त्या वेळी मोकळे असतात हा फायदा. पण तापायला सुरुवातच वरच्या पायरीवरून होते हा तोटा. त्यात दिवसभराचं खाणं, पाणी कमी पिणं, दुपारची झोप. शिवाय लग्नसराईची वरात रस्ता अडवते आणि दिवसभर सावलीत पडलेली कुत्री याच वेळी उठून मागे लागतात. शेवटच्या दोन गोष्टी हसण्यावारी नेऊ नका. टाइममध्ये त्यांचाही वाटा असतो, म्हणून त्यांनाही वहीत रकाना हवा.

मग प्रश्न कसा मांडायचा?

"संध्याकाळी त्रास का होतो?" याऐवजी असा मांडू: "एकाच वेगाने १६०० मीटर धावल्यावर एका मिनिटाने मोजलेली नाडी, आर्द्र बल्ब तापमानानुसार बदलते का?" आता यात काय मोजायचं ते स्पष्ट आहे.

टाइमऐवजी नाडी का? टाइममध्ये मूड येतो, सोबत कोण धावतंय ते येतं. वेग ठरवून ठेवला आणि शरीराला तो किती महाग पडला ते मोजलं, तर चित्र जास्त स्वच्छ मिळतं.

साहित्य साधं आहे. दोन काचेचे थर्मामीटर, एकाच्या टोकाला ओलं मलमलचं फडकं, हाताने घालायला पुठ्ठ्याचा वारा, स्टॉपवॉच, वही. कुठल्या दिवशी साडेपाचला आणि कुठल्या दिवशी सातला धावायचं हे नाणं उडवून ठरवा. सोयीने ठरवलंत तर थकलेल्या दिवशी तुम्ही आपोआप उशिराची वेळ निवडाल आणि थकवा त्या वेळेच्या नावावर जमा होईल. पहिले १० ते १४ दिवस वेगळे धरा, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण तेवढा काळ लागतो. ते मिसळले तर सवयीचा परिणाम हवेच्या नावावर जाईल.

एवढं करून जे मिळेल ते एका माणसाबद्दल असेल. "भंडाऱ्यातल्या तरुणांमध्ये असं होतं" असं त्यावरून लिहिता येणार नाही. पण मोठ्या अभ्यासात कुठले रकाने लागतील हे त्यातून कळतं, आणि प्रस्ताव लिहिताना तेच उपयोगी पडतं.

ज्या प्रयोगाला नाही म्हणायचं

दुसऱ्यांना धावायला लावणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागींची लेखी संमती हवी; आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा. तुलना पूर्ण व्हावी म्हणून कुणाला तीव्र उष्णतेत पळवणं हा प्रयोग नाही. चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणं दिसलं की धावणं तिथेच बंद, सावली, अंगावर पाणी आणि १०८ ला फोन. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. मैदान सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत येऊ नका.

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये अबकारी शिपाई भरतीत १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून जास्त उमेदवारांचा जीव गेला. कारणांबद्दल वेगवेगळे दावे झाले. घटना घडून गेल्यावर ऊन, अंतर, तयारी, तब्येत ही कारणं एकमेकांपासून वेगळी काढणं फार अवघड असतं. आधी नोंदी असतील तरच ते जमतं.

तुमच्या गावातल्या ग्राउंडवर रोज धावणाऱ्यांकडे टाइमची वही बहुधा आहेच. तिच्यात तीन रकाने वाढवायला सांगा: ओल्या फडक्याचं तापमान, वारा, फेरी क्रमांक. महिनाभराने ती वही घेऊन बसा. कुणाचा स्टॅमिना खरंच कमी झाला आणि कुणाला नुसती हवा नडली, याचा अंदाज तेव्हा बांधता येईल. आणि बऱ्याच जणांना संशोधनाचा विषयही तिथेच सापडेल.