पद्मिनीची पुढची काच काढताना

मालवणात ज्यांच्या दारात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे, त्यांनी पावसाळ्याआधी पुढच्या काचेचं रबर नक्की तपासा. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीची काच आजच्या गाड्यांसारखी चिकटवलेली नसते, रबरी बीडिंगमध्ये धरलेली असते. खाऱ्या वाऱ्याने रबर कडक होतं, चिरतं आणि पाणी आत मुरतं. आमच्या गाडीतलं पायाखालचं मॅटिंग सतत ओलं राहायला लागलं, तेव्हा काच काढायला घेतली.

आधी वायपर काढा, मग रबरात बसवलेली चकचकीत पट्टी हलक्या हाताने सोडवा. ती वाकली की पुन्हा सरळ होणं कठीण. रबर कडक झालं असेल तर वाचवत बसू नका, बाहेरची कड ब्लेडने कापून टाका. स्क्रूड्रायव्हर काचेच्या कडेला लावायचा नाही, तडा तिथूनच जातो. आतून एकाने वरच्या कोपऱ्याला तळव्यांनी हळूहळू दाब द्यायचा, बाहेर दुसऱ्याने काच झेलायची आणि गोधडीवर ठेवायची.

खरं काम त्यानंतर. आमच्या गाडीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला होता. गंज पार घासून, प्रायमर आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय काच परत बसवू नका.

बसवताना नवं रबर आधी काचेवर चढवा. त्याच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा, साबणाचं पाणी लावा. बाहेरून काच दाबून धरली, की आतून दोरी ओढत जायची. रबराची कड पत्र्यावर आपसूक चढते.