थंडी वेगळी, ओल वेगळी

सिॲटलजवळच्या रेडमंडला नोव्हेंबर लागला की आमच्या वसाहतीत सकाळी सात-साडेसातला एक आवाज हमखास ऐकू येतो. कुणीतरी सेल्फ मारत असतं. इंजिन फिरतं, पण पेटत नाही. दहा सेकंद मारून थांबतात, पुन्हा दहा सेकंद. हळूहळू फिरण्याचा जोर उतरत जातो आणि शेवटी नुसतं टक्‌ होतं. शेजारी बाहेर येतो, बॉनेटखाली डोकावतो आणि सांगतो, "बॅटरी गेली. थंडी आहे ना!"

मी अशा वेळी एकच विचारतो. पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा इंजिन जोरात फिरलं की रेंगाळत? निम्मं निदान त्या पहिल्या पाच सेकंदांत होतं. त्यानंतर उतरलेली बॅटरी आपणच सेल्फ मारमारून उतरवलेली असते, तिच्यावरून मूळ दुखणं कळत नाही.

"थंडीने गाडी सुरू होत नाही" हा इथला सगळ्यात पक्का समज आहे. पण रेडमंडची थंडी तशी मवाळ. जानेवारीतही पहाटेचा पारा बहुतेक दिवस शून्याच्या जरा वरच असतो. जानेवारी 2024 मध्ये आली तशी कडाक्याची लाट अधूनमधूनच येते. या गावाचं खरं वैशिष्ट्य ओल आहे. मुंबईत 2000 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण बराचसा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. सिॲटल परिसरात वर्षाला सुमारे 1000 मिलीमीटर म्हणजे मुंबईच्या निम्मा पाऊस पडतो, पण तो ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत झिरपत राहतो. कोकणातली ओल 27-28 अंशांची, इथली चार-पाच अंशांची. हवेत ऊब नाही, उन्हाला जोर नाही, त्यामुळे भिजलेली वस्तू वाळतच नाही. उघड्यावर लावलेल्या गाडीच्या काचेच्या रबरावर हिरवं शेवाळ धरतं. फरच्या झाडांच्या सुया आणि सीडरची पानं वायपरखालच्या जाळीत साचून पाण्याची वाट अडवतात, आणि ते पाणी जिथे जायला नको तिथे उतरतं.

थंडी आणि ओल गाडीला वेगवेगळ्या ठिकाणी धरतात, म्हणून मी आवाज आधी विचारतो. थंडी बॅटरीला आणि तेलाला धरते, तेव्हा इंजिन रेंगाळत फिरतं. ओल करंटला धरते, तेव्हा इंजिन खणखणीत फिरतं पण पेट घेत नाही, किंवा पेटलं तरी मिस मारत, थरथरत चालतं.

बॅटरीचं आधी सांगतो. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीचीही इंजिन फिरवण्याची ताकद पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटते, आणि त्याच वेळी गार तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. एवढं खरं आहे. पण "थंडीने बॅटरी मेली" हे खरं नाही. बॅटरी मरते उन्हाळ्यात. उष्णतेने आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडतं. नागपूरकराला हे सांगावं लागत नाही. 28 जून 2021 ला सिॲटलमध्ये पारा 42 अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात झालेली हानी नोव्हेंबरात उघडी पडते. त्यात आता गाड्या चालतात कमी. घरून काम आलं. 2024 मध्ये टू लाइनची रेल्वे रेडमंड टेक्नॉलॉजी स्टेशनापर्यंत आणि मे 2025 मध्ये थेट गावात आली. गाडी आठवड्यातून दोनदा किराणा आणायला निघते, तीही वायपर, हेडलाइट, हीटर, मागच्या काचेची तार असं सगळं लावून. दहा मिनिटांत बॅटरी भरत नाही. बंद गाडीसुद्धा थोडा करंट खातच असते. तो 50 मिलीअँपिअर असला तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, म्हणजे 45 अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्म्याहून खाली येते.

तेव्हा आधी मोजावं. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली घसरला तर बॅटरी संशयित. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवेत, नाही तर अल्टरनेटर बघावा. आणि सेल्फ मारताना मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावावी. तिथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॅटरी नाही, अर्थिंगची तार गंजली आहे. नवी बॅटरी घेऊन फसलेल्या कितीतरी जणांचं काम टर्मिनल घासून आणि तार बदलून झालं असतं.

आता ओलीचं, कारण जुन्या गाडीत खरी गोम तिथे आहे. माझ्याकडे 1994 ची एक जपानी सेदान होती, डिस्ट्रिब्युटरवाली, म्हणजे कॅपखाली फिरणाऱ्या रोटरने प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारी. ती सकाळी अडायची, म्हणून बॅटरी बदलली आणि दोन आठवडे गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. निदान बरोबर होतं असं मी धरून चाललो. मग सतत चार दिवस पाऊस लागला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं का झालं ते मला नंतर उमगलं. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज दहाच्या आसपास उतरतो आणि कॉइलला मिळतो तोही तेवढाच. म्हणजे ठिणगी आधीच कमजोर असते. प्लगपर्यंत पोहोचायला तिला हजारो व्होल्ट लागतात, आणि वाटेत ओलसर मळाची सोपी वाट मिळाली तर ती तिकडेच पळते. नव्या बॅटरीने ठिणगी जरा जोरकस झाली आणि गळती असूनही प्लग पेटले. दुखणं झाकलं गेलं, बरं झालं नव्हतं.

"पाणी लागलं की शॉर्ट होतं" हेही अर्धंच खरं. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. पाणी, धूळ, तेलाचा पातळ थर आणि रस्त्यावर बर्फाआधी फवारतात ते मीठ यांचं मिश्रण मात्र वाहून नेतं. म्हणून भर पावसात धावणारी गाडी सहसा बंद पडत नाही, इंजिनची ऊब तिला कोरडी ठेवते. पाऊस थांबून रात्री आभाळ मोकळं झालं की पत्रा गार पडतो, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत दव धरतं, आणि कोरड्या दिसणाऱ्या सकाळी गाडी अडते.

मी केलेली परीक्षा कुणालाही करता येते. रात्री पूर्ण अंधारात, मोकळ्या हवेत बॉनेट उघडायचं, बायकोला किंवा मुलाला सेल्फ मारायला बसवायचं, आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो त्या फवाऱ्याने प्लगच्या तारांवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पाण्याचे अगदी बारीक तुषार सोडायचे. हात, बाही, मफलर लांब ठेवायचं. हा करंट सणसणीत झटका देतो. मला तिसऱ्या तारेच्या बुडाशी निळसर ठिणग्यांची वळवळ दिसली आणि बारीक तडतड ऐकू आली. दुसऱ्या दिवशी कॅप काढली तर आत एका पितळी टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पेन्सिलीने ओढावी तशी केसाएवढी काळी रेघ होती. ठिणगी त्याच वाटेने जाऊन जाऊन प्लास्टिकचा कोळसा झाला होता. ती रेघ पुसून जात नाही, कॅप बदलावीच लागते. सोबत रोटर आणि जुन्या तारा बदलल्या की काम झालं.

कॅप पुसायची युक्ती आपल्याकडे जुनीच. दादरला जुलैत बॉनेट उघडून फडक्याने कॅप पुसणारे प्रीमिअर पद्मिनीचे टॅक्सीवाले मी लहानपणी पाहिले आहेत. 1959 ची ब्रिटिश मिनी तर यासाठी कुप्रसिद्धच होती, तिचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या लगेच मागे होता. डब्ल्यूडी-40 चा फवारा मारून गाडी सुरू होते, तेही खरं. 1953 मध्ये सॅन दिएगोत तो बनला तो मुळी पाणी हटवण्यासाठीच. पण तो इलाज नाही, खूण आहे. फवाऱ्यानंतर गाडी सुरू झाली तर दुखणं करंटचं, एवढं कळतं. फवारा पेट घेणारा असतो, म्हणून मारल्यावर काही मिनिटं थांबून मगच किल्ली फिरवावी.

सोलापूरहून बाबा फोनवर म्हणायचे, "अरे, चोक ओढ आणि ॲक्सिलरेटर दोनदा दाब." त्यांच्या पद्मिनीला ते अचूक लागू होतं. पण अमेरिकेत 1990 च्या आसपास कार्ब्युरेटर संपला, भारतात त्यानंतर दहाएक वर्षांनी. इंजेक्शनच्या गाडीत पेडल दाबून जास्तीचं पेट्रोल जात नाही. उलट बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना पेडल पूर्ण दाबून धरलं तर पेट्रोल तोडलं जातं, आणि भिजलेले प्लग त्याने मोकळे होतात. तेव्हा पेडल दाबण्याऐवजी किल्ली फक्त ऑनवर आणून दोन सेकंद थांबावं, बंद करावी, पुन्हा तसंच करावं, मग सेल्फ मारावा. याने गाडी सुरू झाली तर रात्रीत पेट्रोलचा दाब उतरतोय, पंपाकडे बघा. चोकचं काम आता कूलंटचं तापमान सांगणारा छोटा सेन्सर करतो. तो बिघडून इंजिन गरम आहे असं सांगत राहिला, तर गार सकाळी पेट्रोल कमी पडतं.

धक्का मारणंही विसरावं. इथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक आहेत आणि त्या धक्क्याने सुरू होत नाहीत.

सुरू झाल्यावर दहा मिनिटं जागेवर गरम करायचीही गरज नसते. अर्ध्या-एक मिनिटाने हलक्या पायाने निघावं. रस्त्यावर चालू गाडी सोडून घरात जाणं वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात बसत नाही, आणि बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतणारं आहे.

गाडी गॅरेजला नेताना एक अडचण हमखास येते. दुपारपर्यंत ती वाळलेली असते आणि मेकॅनिकसमोर पहिल्या झटक्यात सुरू होते. म्हणून अडेल त्या सकाळीच पहिल्या सेल्फचा आवाज फोनवर रेकॉर्ड करावा, शेजारी तापमान आणि शेवटचा पाऊस कधी थांबला ते लिहावं. शक्य असल्यास गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन रात्रभर गॅरेजच्या उघड्या आवारात ठेवून द्या आणि सकाळी पहिली किल्ली मेकॅनिकला फिरवू द्या.