विटेला क्षणात फोडणारा दंड

प्रयोगशाळेतलं दाबयंत्र विटेला सावकाश दाबत, मिनिटभर वेळ घेऊन फोडतं. स्फोटाची लाट भिंतीला एवढी सवलत देत नाही. तिचं काम काही मिलिसेकंदांत आटोपतं. तेवढ्यात वीट कशी वागते, हे सांगतो हॉपकिन्सन दंड.

घराणं इंग्लंडचं. जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ मध्ये टांगलेल्या लोखंडी तारेवर वजनं आदळून पाहिली. तार कधी कधी तुटे ती धक्का बसला तिथे नव्हे, तर वरच्या बांधलेल्या टोकाशी; लाट तिथवर पोचून उलटत होती. त्यांचा मुलगा बर्ट्रम केंब्रिजला प्राध्यापक झाला. स्फोटाचा आणि बंदुकीच्या गोळीचा दाब पोलादी दंडावर मोजण्याची रीत त्याने १९१४ मध्ये मांडली आणि चारच वर्षांनी विमान अपघातात तो गेला. १९४९ मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दंड घेऊन नमुना त्यांच्या मधोमध ठेवला. आजचं यंत्र ते हेच.

हवेच्या दाबाने सोडलेला आखूड दंड पहिल्या दंडावर आदळतो. पोलादातून लाट सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने धावते. नमुन्यापाशी तिचा काही भाग माघारी फिरतो, उरलेला पलीकडे जातो. दंडांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज दोन्ही टिपतात: माघारी फिरलेल्या लाटेवरून नमुना किती वेगाने आवळला ते कळतं, पलीकडच्या लाटेवरून त्याने किती जोर सोसला ते.

धातूला हे सोपं. विटेत मात्र वाळूचे कण, पोकळ्या, भाजणीतल्या भेगा. नखाएवढा तुकडा सगळ्या विटेची साक्ष देऊ शकत नाही. नमुना मोठा घ्यावा, तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होण्याआधीच ठिसूळ वीट फुटते. म्हणून आदळणाऱ्या टोकावर तांब्याची पातळ चकती ठेवतात. लाट जराशी सौम्य चढते.

वेग वाढला की वीट आणि चुना-सिमेंटचा मसाला जास्त भार घेतात, असं दिसतं. सावकाश दाबलं की भेग कमकुवत वाट शोधत जाते. घाईत अनेक भेगा एकदम उठतात आणि कणही चिरावे लागतात. पण या वाढीतला काही भाग आभासी आहे. बाहेरच्या थरांना जडत्वामुळे चटकन बाजूला सरकता येत नाही, म्हणून गाभा आपोआप आवळला जातो. ही ताकद विटेची नव्हे. वाढीव ताकदीचा आकडा डोळे झाकून गणितात घालणं मला धोक्याचं वाटतं.

भूकंपाला तर तो लावूच नये. त्याचे हेलकावे स्फोटापेक्षा कितीतरी संथ. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घात केला तो दगडांच्या कमजोरीने नव्हे. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांपासून सुटले. आयएस १३८२८ हे भारतीय मानक अशा भिंतीत आरपार दगड मागतं: उंचीत दर ६० सेंटिमीटरला, लांबीत जास्तीत जास्त १२० सेंटिमीटर अंतरावर. गावाकडे दगडी घर बांधणार असाल, तर गवंड्याकडून एवढं मोजून घ्या.