‘ब्रात’ : भाऊ कोण आणि कोण नाही?

गेल्या सेमिस्टरला सबमिशन संपलं त्या रात्री होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये आम्ही एक रशियन पिक्चर पाहिला. नाव ‘ब्रात’, म्हणजे भाऊ. साल १९९७, दिग्दर्शक अलेक्सेई बालाबानोव. गँगवॉर आहे एवढं ऐकूनच पब्लिक जमलं होतं.

गोष्ट सरळ आहे. दानिला नावाचा पोरगा चेचन्याच्या युद्धानंतर (१९९४-९६) सैन्यातून घरी येतो. कामधंदा नाही, म्हणून आई त्याला सेंट पीटर्सबर्गला थोरल्या भावाकडे पाठवते. तिथे कळतं की भाऊ सुपारी घेऊन माणसं मारतो. एक चेचन बाजारातल्या लोकांना छळतो, असं सांगून तो आपलं काम दानिलाच्या गळ्यात मारतो.

मग तो ट्रामचा सीन येतो. कॉकेशसकडचे दोघं तिकीट न काढता बसलेत आणि वर दमदाटी करतायत. दानिला पिस्तूल काढतो. त्यातला एक घाबरून ‘भाऊ, मारू नकोस’ म्हणतो. दानिला रंगावरून शिवी देऊन सांगतो, मी तुझा भाऊ नाही. टीव्ही रूममध्ये शिट्ट्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेला माझा गोरखपूरचा रूम पार्टनर तेवढा गप्प होता. खोलीवर आल्यावर एवढंच म्हणाला, “मुझे भी तो सब भैया ही बोलते हैं.”

झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी पिक्चर परत पाहिला.

डोकी मोजली तर या पिक्चरमध्ये विविधता भरपूर आहे. चेचन आहे, हॉफमन नावाचा बेघर जर्मन आहे, पार्टीतला फ्रेंच माणूस आहे (दानिला त्याला अमेरिकन समजून झापतो). थोरल्या भावाचं टोपणनावच ‘तातार’. पण नुसती डोकी मोजून भागत नाही. नाव कोणाला आहे आणि बोलायला कोणाला मिळतं, ते बघायला लागतं. हॉफमनला दोन्ही मिळतं. दानिला त्याला म्हणतो, ज्यू मला फारसे आवडत नाहीत, जर्मन ठीक आहेत. हॉफमन विचारतो, फरक काय? दानिला चिडतो, पण उत्तर देत नाही. ट्राममधल्या दोघांना मात्र ना नाव, ना घर. तिकीट नसणं हीच त्यांची ओळख.

आदल्याच वर्षी, १९९६ साली, हाच नट सेर्गेई बोद्रोव (ज्युनियर) आपल्या वडिलांच्या ‘कॉकेशसचा कैदी’ या सिनेमात कैदी सैनिक झाला होता. त्यात त्याला डांबून ठेवणाऱ्या डोंगरी म्हाताऱ्याला नाव आहे, मुलगी आहे, रशियनांच्या कैदेत असलेला मुलगा आहे. तिथे शत्रूसुद्धा बाप म्हणून दिसतो.

हा राग आला कुठून? सोव्हिएत संघात १५ प्रजासत्ताकं होती आणि सगळे लोक मित्र, असं शाळेपासून शिकवलं जाई. त्याच वेळी प्रत्येकाच्या पासपोर्टवर तो कोणत्या वंशाचा ही नोंदही असे. १९९१ मध्ये देश फुटला. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, महागाईत बचत गेली. खरा चोर सापडत नव्हता आणि बाजारातला परका तर समोरच उभा होता.

गंमत म्हणजे पिक्चरमध्येच याचं उत्तर आहे. दानिलाच्या जिवावर उठलेली टोळी रशियनच आहे आणि त्याला दगा देतो तो सख्खा भाऊ. त्याला दानिला माफ करतो. पण दानिलाचा चेहरा इतका निरागस आणि गाणी इतकी भारी, की हे आपल्या लक्षातच येत नाही. २००० साली दुसरा भाग आला, तेव्हा परक्यांच्या यादीत शिकागोचे युक्रेनियन आणि काळे लोकही आले. २०१५ मध्ये युक्रेनने त्या भागावर बंदी घातली.

‘ब्रात’ जरूर पाहा, बंदीबिंदीच्या मी विरोधात आहे. फक्त ट्रामचा सीन आला की शेजारी कोण बसलंय ते एकदा बघा. पहिलं वर्षभर मी पण रूम पार्टनरला भैयाच म्हणायचो. भैया म्हणजे भाऊच की! पण आपण ते कोणत्या सुरात म्हणतो, ते आपल्यालाही माहीत असतं आणि त्यालाही. आता मी त्याला नावाने हाक मारतो.